रथसप्तमीचा मोगरा

तिळगुळाच्या डब्यात अजून सात वड्या होत्या,
पायाशी सोलापुरी चादर होती,
आणि मोगऱ्याला कळी आली.

आधी वाटलं, वरच्या मजल्याचा चुना पडलाय.
चष्मा आणून पाहिलं.
कळीच. तांदळाएवढी.
तिच्या मागे आणखी अकरा.

आमची खिडकी पश्चिमेची. मुलुंड पूर्व, चौथा मजला.
ग्रिलमध्ये एकोणीस कुंड्या,
त्यातल्या तीन रंगाच्या बादल्या, एक फुटका कुकर.
कात्रीला धार लावायची राहिली म्हणून
यंदा मोगऱ्याची छाटणीही राहिली होती.
त्याने वाट पाहिली नाही.

शेवंती ऐन भरात होती,
आठवड्यात तिचा कागद झाला.
हात लावला की वाजायची.
जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला, पांढरा, निवांत,
जणू दरवर्षी याच तारखेला येतो.
ऑफिस टाइमची फुलं दहाला उघडायची,
ती साडेआठलाच हजर आणि बाराला घरी.
दिगंबर म्हणाले, हिला बढती मिळणार बघ.
निवृत्त झाल्यापासून त्यांना हजेरीचं फार कौतुक.

पेपरात आकडा आला, छत्तीस.
मला आकड्यातलं कळत नाही.
रात्री नऊला कुंडीची कड
नुकत्या उतरवलेल्या तव्यासारखी लागली, तेव्हा कळलं.
बोट मातीत खुपसलं.
दुसऱ्या पेरापर्यंत कोरडी.
तांदूळ धुतलेलं पाणी, डाळ धुतलेलं पाणी,
दिगंबरांच्या पेल्यात उरलेलं पाणी,
सगळं खिडकीत.
उभ्या उभ्या एकोणीस तोंडं मोजायची
आणि एक भांडं वाटायचं.

खालच्या नाबरबाईंनी ऊन बघून
माघातच साबुदाण्याच्या चिकवड्या घातल्या.
माझ्या जास्वंदीचं कडुनिंबाचं पाणी
नेमकं त्यांच्यावर ठिबकलं.
"अहो, फवारणीला फाल्गुन तरी लागू द्या!"
मी ग्रिलमधून म्हटलं,
"चिकवड्यांना लागला का फाल्गुन?"
चार दिवस आम्ही जिन्यात
एकमेकींच्या चपलांकडे बघत गेलो.

रथसप्तमीला हळदीकुंकू ठेवलं.
सकाळी अंगणाऐवजी गच्चीवर दूध उतू घातलं,
आणि सूर्याकडे पाहून हात जोडताना
पहिल्यांदाच मनात आलं,
पुरे आता.
मग जीभ चावली.

संध्याकाळी बायका आल्या.
वाण म्हणून झाकणाच्या डब्या होत्या,
पण मोगरा उमलून बसलेला, त्याचं काय करणार?
तिळगुळासोबत दोन दोन फुलं दिली.
सगळ्या थबकल्या.
एका तळव्यावर संक्रांत आणि चैत्र,
आणि मधलं काहीच नाही.
कुणी हसलं, कुणी केसात माळलं.
कुलूरकरांच्या सुनेने फोटो काढला.
नाबरबाई शेवटी आल्या, नातवाला घेऊन.
फूल नाकाशी नेलं, डोळे मिटले,
मग माझ्या स्वयंपाकघराकडे मान उंचावून म्हणाल्या,
"मग पन्हं कुठाय?"

दुसऱ्या दिवशी दारात बादली.
त्यांच्या एसीचं पाणी, काठोकाठ.
वर ताटली, ताटलीत दोन तळलेल्या चिकवड्या.
किंचित कडू होत्या. मी बोलले नाही.

आता मोगऱ्यावर नुसती पानं आहेत,
तीही कडेने तांबूस.
खऱ्या चैत्रात बायका येतील,
कैरीची डाळ होईल, हरभरे भिजतील,
फुलं मला बाजारातून आणावी लागतील,
शंभर ग्रॅम, प्लास्टिकच्या पिशवीत, घामेजलेली.
घरात मोगरा असून.

शेवंतीची कुंडी रिकामीच ठेवलीय.
त्या दिवशी नाबरबाईंच्या नातवाने
अर्धी चाखलेली वडी तिच्यात पुरली,
"झाड येईल" म्हणाला,
आणि वरून बोटाने माती सारखी केली.
गूळ मुंग्यांनी नेला. तीळ राहिले.

भाजलेला तीळ उगवत नाही.
हे मला माहीत आहे, त्यालाही कळेल.
पण यंदा मी कुणालाच काही
ठामपणे सांगत नाही.
बादलीतलं शेवटचं ओंजळभर पाणी
तिथे घालते,
आणि वाकून बघते.